दोन चाळीसची हालचाल

पांढरकवडा, २ मार्च २०२५

मिताली,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसणार नाही. तू म्हणशील, काकांना या वयात पत्र लिहायचं काय सुचलं? पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. त्यापायी तुझ्या लग्नाची तारीख मी आठ दिवस अलीकडची सांगत गावभर फिरलो होतो. शिवाय मोबाईल साकेतनं घेऊन दिलेला. त्यात मी काय करतो ते त्याला हैदराबादेत बसून दिसतं की काय, देव जाणे. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली की माणूस तारेवर फार विश्वास ठेवत नाही.

तुझी रत्नामावशी नोव्हेंबरात गेल्यापासून साकेत एकच धोशा लावून बसला आहे. बाबा, घर विका आणि इकडे या. चौदाव्या मजल्यावर माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे. पोरगा वाईट नाही, पण मला हे घर सोडून जायचं नाही. पुष्कळ वादावादी झाल्यावर त्यानं अट घातली. घरात सेन्सर बसवायचे, मी कुठं पडलो-झडलो तर त्याला कळलं पाहिजे. पंधरा जूनपर्यंत सगळं सुरळीत चाललं तर तो पुन्हा विषय काढणार नाही. एक जरी गडबड झाली तर गाडी घेऊन मला न्यायला येणार.

बाजारात प्रफुल्लच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. त्यानं सेन्सरचे निरोप पकडणारे तीन डोंगल काउंटरवर मांडले आणि डोकं खाजवत म्हणाला, "काकाजी, हे सारे पेनड्राइव्हवानीच दिसून राह्यले. कोणता घ्याचा ते तुमीच सांगा, मले काई समजत नाई याच्यातलं."

तू याच धंद्यातली. कोणता घेऊ? दिवे रंग बदलणारे, टाळी वाजवली की पंखा लागणारा, असली थेरं नकोत. मी जिवंत आहे एवढं पोराला कळलं की पुरे.

दीनानाथकाका


नाशिक, ८ मार्च २०२५

काका, नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर बघितलं आणि मला रडूच आलं. दिवाळीला तुमच्या पत्राखाली मावशी दोन ओळी लिहायची, त्या जागेकडे उगाच नजर गेली.

आता कामाचं. वायफायवर चालणारे सेन्सर घेऊ नका. तुमच्याकडे वीज गेली की राऊटर बंद आणि राऊटर बंद की सगळे मुके. ब्लूटूथचा डोंगल स्वस्त आहे, पण तुमच्या भिंती जाड. हॉलमधून त्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, स्वयंपाकघरापर्यंत जायचा नाही. झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीचा घ्या, बाहेर बोटभर अँटेना असलेला. त्याचे सेन्सर बटणाएवढ्या सेलवर वर्षभर आरामात चालतात. मध्ये एखादं विजेवर चालणारं झिगबीचं उपकरण असलं तर ते निरोप पुढं ढकलतं, म्हणजे लांबची खोलीही पोचते. छोटा कॉम्प्युटर मी इथून पाठवते आहे. डब्याएवढा आहे, तो इन्व्हर्टरवर लावा.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. डोंगल त्या कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबीत थेट खोचू नका. त्या निळ्या जागेचा स्वतःचा गोंगाट असतो आणि सेन्सरचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. सोबत मीटरभर यूएसबीची वायर आहे. ती लावून डोंगल लांब, भिंतीवर टांगा.

पुढचं दार, न्हाणी, हॉल, स्वयंपाकघर आणि तुमची झोपायची खोली, असे पाच सेन्सर लागतील. साकेतदादाला रोज संध्याकाळी "सगळं ठीक" एवढाच निरोप जाईल. बाकीची बारीकसारीक नोंद मला इथून बघता येईल. चालेल ना? आणि काळजी करू नका. तुम्हाला त्या घरातून कोणी हलवणार नाही, हे माझ्याकडं लागलं.

तुमची मिताली


पांढरकवडा, २७ मार्च २०२५

मिताली,

तुझी यंत्रणा बसली. प्रफुल्ल दोन तास शिडीवर होता आणि मी खालून हुकूम सोडत होतो. निवृत्तीनंतर इतकं बरं पहिल्यांदाच वाटलं. डोंगल वायर लावून देवघराशेजारी टांगला आहे. रुपीबाई सकाळी भांडी घासायला आली तेव्हा तिनं त्याला हात जोडले.

झोपायच्या खोलीत सेन्सर लावलेला नाही. झोपलेल्या माणसाची काय बातमी घ्यायची? मावशीच्या खोलीतही नको. तिची खाट, स्टूल, औषधांचा डबा सगळं जागच्या जागी आहे.

तर पहिली तक्रार. मी दुपारी जेवून कानातलं मशीन काढून ठेवतो आणि दीड ते चार झोपतो. वर्षानुवर्षांची सवय. पण मोबाईलवर स्वयंपाकघराची नोंद पाहतो तर रोज दोन चाळीसला हालचाल. पहिल्या दिवशी मांजर समजलो. दुसऱ्या दिवशी खिडकी लावून झोपलो, तरी दोन चाळीस. तिसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कड्या. दोन चाळीस. घरात मी एकटा आणि मी तर झोपलेलो.

आमच्या काळी क्रॉस कनेक्शन लागायचं. वणीचा माणूस पांढरकवड्याच्या बाईशी पाच मिनिटं बोलून मग विचारायचा, आपण कोण? तसलंच काही असेल. बघून सांग. साकेतला इतक्यात नको.

दीनानाथकाका


नाशिक, ३ एप्रिल २०२५

काका,

घाबरू नका. हे सेन्सर उष्णतेचा फरक बघतात. तुमच्याकडं पारा चाळिशीच्या पुढं गेला असेल. कूलरची ओली हवा आणि खिडकीतून येणारी झळ यांची गाठ स्वयंपाकघरात पडत असेल आणि सेन्सरला वाटत असेल माणूस आला. तो खिडकीसमोरून काढून फ्रिजच्या वर, आतल्या कोपऱ्यात लावा. पडदा ओढा. एक दिवस कूलर बंद ठेवूनही बघा, पण पंख्याखाली झोपा हं, नाहीतर मीच साकेतदादाला फोन करीन.

वणीच्या माणसाचं पुढं काय झालं?

मिताली


पांढरकवडा, १९ एप्रिल २०२५

मिताली,

वणीच्या माणसाचं लग्न आधीच झालेलं होतं, त्यामुळे पुढं काही झालं नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं. सेन्सर हलवला, पडदा ओढला, कूलर बंद ठेवून घामानं गादी भिजवली. फरक नाही. आता तुला खरं लिहितो. हसू नकोस, आणि हसलीस तर निदान मला कळवू नकोस.

तुझी मावशी येते.

तिला अर्धांगवायू झाल्यावर दोन वर्षं मी दुपारची झोप मोडून पावणेतीनचा चहा करायचो. तिच्या खोलीत नेऊन द्यायचो, दोघं तिथंच प्यायचो. आता मी चारला उठतो तर भांड्यांच्या स्टँडवर दोन कप पालथे घातलेले असतात. ओले. रुपीबाई सकाळीच भांडी घासून जाते, तोवर कपाटात असलेले कप. तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर कपाच्या बुडाचं ओलं वर्तुळ असतं. मी बोट लावून पाहिलं आहे. ते चिकट लागतं.

रुपीबाई परवा फ्रिज उघडून म्हणाली, "काकाजी, तुमी एकटेच हा न? मंग दूध दोघाइचं कायले लागून राह्यलं?" मी तिला दटावलं. काय सांगणार?

भर दुपारी या गावात रस्त्यावर कुत्रंही नसतं. हायवेवरचे ट्रक तेवढे चालू असतात. अशा वेळी माझ्या घरात कोणी तरी चहा करतं आणि मी त्या भीतीनं उठून बसायला हवं होतं. पण मला भीती वाटत नाही. खरं सांगू? नोव्हेंबरानंतर मला पहिल्यांदा झोप लागते आहे. तिचा माझ्यावर राग नाही असं वाटतं. घर सोडायचं नाही याला आता हे एक कारण वाढलं. मी गेलो तर ती कोणाकडं येईल?

तिच्या खोलीत एक सेन्सर लावावा म्हणतो. तो डोंगलपर्यंत पोचेल का? बाकी ठीक. चहाचं पातेलं नवीन आणलं. साकेतला यातलं काहीही कळता कामा नये, तुला शपथ आहे.

दीनानाथकाका


नाशिक, २६ एप्रिल २०२५

काका,

मी हसले नाही. पत्र वाचून स्वयंपाकघरात गेले आणि दिवा लावून बसले. मावशीची मला इतकी आठवण येते की तुम्ही लिहिलेलं खरं असावं असंच वाटतं.

तिच्या खोलीपर्यंत आवाज पोचायला मध्ये एक निरोप्या लागेल. पार्सलमध्ये चौकोनी पांढरी डबी आहे. मोबाईलच्या चार्जरला यूएसबीनं जोडायची. तुमच्या खाटेच्या बाजूच्या प्लगात लावा, तीच जागा बरोबर मधोमध येते. मावशीच्या खोलीसाठी दुसरा सेन्सर नंतर बघू.

जुन्या पातेल्याला काय झालं?

मिताली


पांढरकवडा, ८ मे २०२५

मिताली,

डबी खाटेजवळच्या प्लगात लावली. त्रेचाळीस डिग्री आहे, जास्त लिहवत नाही. पातेलं जुनं झालं होतं.

दीनानाथकाका


नाशिक, १४ मे २०२५

काका,

तुमचं कार्ड मिळालं. आता एक चांगली बातमी. बिघाड सापडला. तुमचा डोंगलच खराब निघाला. त्याच्यातच गोंगाट होतो आणि त्यामुळे स्वयंपाकघराची खोटी हालचाल नोंदली जाते. नवीन डोंगल या पार्सलमध्ये आहे. जुना काढून हा लावला की दोन चाळीसची नोंद दिसायची बंद होईल. जुन्या नोंदी मी पुसून टाकते, उगाच साकेतदादाच्या नजरेस पडायला नकोत.

कपांचं म्हणाल तर उन्हाळ्यात माणसाला काही आठवत नाही. तुम्हीच जेवल्यावर विसळून ठेवत असाल.

अजून दोन गोष्टी, सहजच. रुपीबाईला सकाळऐवजी दुपारी अडीचला बोलवाल का? तुम्हाला सोबत होईल. आणि दुपारी झोपताना सिलिंडरचा कॉक बंद करत जा. त्यावरचा रेग्युलेटर काढून रुपीबाईकडं दिलात तर उत्तम. उन्हाळ्यात काळजी घेतलेली बरी.

बाकी सगळं छान आहे. पंधरा जून जवळ आला. तुम्ही जिंकणार.

तुमची मिताली


पांढरकवडा, २४ मे २०२५

मिताली,

नवा डोंगल मिळाला. खोक्यातच आहे, तो मी लावणार नाही.

पोरी, तू हुशार आहेस, पण खोटं बोलताना समोरच्यानं जन्मभर काय केलं ते आठवावं. लाइनवर गोंगाट झाला की निरोप हरवतो. तुटतो, अर्धा येतो, येतच नाही. गोंगाटातून रोज त्याच वेळेला तोच निरोप जन्माला येत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरानं हे सांगितलं असतं तर मी त्याला खांबावर चढवून परत शिकवलं असतं. आणि बिघाड डोंगलचा असेल तर तू गॅसच्या कॉकचं का लिहिलंस? तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं, तू ती डबी नेमकी माझ्या खाटेजवळ का लावायला सांगितलीस. तुझी ती पांढरी डबी नुसती निरोप्या नाही, ती माझ्या खाटेवर कोणी आहे की नाही तेही बघते. हो ना? तू काहीतरी पाहिलंस आणि मला सांगवलं नाही.

मला नोंदीवरचा पुरावा नको होता. नोव्हेंबरात रत्ना गेली तेव्हा दहाव्या दिवशी माझ्या बहिणीनं, आर्णीच्या विमलताईनं, दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते पिठावरच्या पावलावरून कळतं म्हणतात. सकाळी टोपली उचलून ताई म्हणाली, "दीना, पाखराचे पाय हायेत रे." मी तिला सगळ्यांदेखत हसलो होतो. परवा दुपारी जेवण झाल्यावर मीच स्वयंपाकघरापासून रत्नाच्या खोलीपर्यंत ज्वारीचं पीठ पसरलं, चाळणीनं, पातळ. कोणाला हसायला कोणी नव्हतं. मग मशीन काढून झोपलो. मनात एवढंच होतं की तिची पावलं दिसतील. लहान होती तिची पावलं.

चारला उठलो. खाली पाय टाकायच्या आधीच दिसलं. चादरीवर पीठ. माझ्या दोन्ही तळव्यांना पीठ, घोट्यापर्यंत. मी तसाच बसून राहिलो, कूलरचं पाणी संपून तो नुसता घरघरायला लागला तरी. मग उठून पाहिलं. खोलीपर्यंत जाणारी पावलं होती, परत येणारी होती. एका पावलावर माझा पाय ठेवला. बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी रुपीबाई झाडता झाडता म्हणाली, "हे पाय त तुमचेच व्हय काकाजी. एवढ्या पिठाची नासाडी काहून केली?" मी म्हटलं, हातून सांडलं.

भूत असतं तर बरं होतं, मिताली. भुताची मला सवय झाली होती. आता रोज दुपारी मी डोळे मिटतो तेव्हा ठाऊक असतं की थोड्या वेळानं माझ्यातून एक माणूस उठणार आहे. तो काडी ओढणार, दूध उकळणार, कप भरणार, रिकाम्या खाटेशी बसून चहा पिणार आणि कप विसळून परत येऊन माझ्या जागी झोपणार. मी त्याला पाहिलेलं नाही. तो मला चांगला ओळखतो. पातेलं जुनं झालेलं नव्हतं. सतरा एप्रिलला ते कोळसा झालेलं मिळालं आणि खाली गॅस चालू होता. हे मी तुझ्यापासून लपवलं. रत्नाच्या हातून विसरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मेलेल्या बाईवर ढकललं मी ते.

आता जे लिहितो ते कोणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं की ती झोपेतच गेली, चार वाजता मला कळलं. चार वाजता कळलं हे खरं आहे. पण त्या दुपारी तिनं हाक मारली होती. नोव्हेंबर होता, कूलर नव्हता, पंखाही नव्हता. मशीन कानात नसलं तरी तिचा आवाज मला यायचा, तो एकच आवाज यायचा. "अहो, चहा" म्हणाली की नुसतं "अहो" म्हणाली, ते आता सांगता येत नाही. मी ऐकलं. आणि मनात म्हटलं, दोन वर्षं रोज उठतोच आहे, आज पाच मिनिटांनी उठीन. कूस बदलली आणि मला झोप लागली.

मला या घरात का राहायचं होतं ते आता मलाही नीट कळतं. इथं ती मला माफ करायला येते असं मी धरून चाललो होतो. येत कोणीच नव्हतं. माझं शरीरच रोज तिच्या हाकेला उठत होतं, आणि ज्या दिवशी उठायचं होतं त्या दिवशी ते उठलं नाही.

तू नोंदी पुसणार होतीस. पुसू नकोस. आणि माझ्यासाठी खोटं बोललीस म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस, मला त्यात तुझी माया दिसली. साकेतला मी काल पत्र टाकलं. झोपेत चालतो, गॅस पेटवतो, पातेलं जाळलं, सगळं लिहिलं आणि ये म्हणून कळवलं. पंधरा जूनची वाट पाहायला नको. शेजारचं घरही पेटायला वेळ लागणार नाही. शर्त मी हरलो.

फक्त नोव्हेंबरचं त्याला लिहू शकलो नाही. ती त्याची आई होती. ते तूही सांगू नकोस. धीर झाला तर मीच सांगेन, नाही झाला तर नाही.

पण एक काम कर. तो माणूस माझ्याबरोबर हैदराबादला येणार, हे मला पक्कं माहीत आहे. चौदाव्या मजल्यावरही तो दोन चाळीसला उठणार. साकेतला सांग, दार-खिडक्यांना कुलपं लावू नका, गॅस लपवू नका. घरात जो कोणी असेल त्यानं रोज अडीच वाजता मला हलवून जागं करावं. मी शिव्या दिल्या तरी सोडू नये. चहा मी करीन, दोन कप करीन. पण जागेपणी करीन.

दीनानाथकाका